बोलिंग ॲलीतली शेजारती

आमचं विठ्ठलाचं देऊळ पूर्वी बोलिंग ॲली होतं. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग देवाला हसलो म्हणून ओशाळतो. ओशाळायचं काही कारण नाही. त्या देवळात मी जितकी हसले आहे तितकी माझ्या लग्नातही हसले नव्हते, आणि लग्नात तर नवरदेव बोहल्यावरच पाटावरून घसरला होता.

दोन हजार पाचचा तो उन्हाळा. आम्ही राहायचो न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला आणि ही बंद पडलेली ॲली तिथून अर्ध्या तासावर, एका टायरच्या दुकानाच्या आणि एका पिझ्झावाल्याच्या मध्ये. आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसून पोट सुटलेले आमचे नवरे शनिवारी सकाळी हातात हातोडे घेऊन तिथे जमायचे. भिंतींना ठोकायची ड्रायवॉल म्हणजे काय हे शुक्रवारपर्यंत कुणालाच माहीत नसायचं, शनिवारी दुपारपर्यंत सगळेच त्यातले तज्ज्ञ. बॉलने पाडायच्या पिना जिथे उभ्या करतात त्या जागी गाभारे बांधायचे ठरलं. बॉल घरंगळत सोडायच्या लेनच्या लाकडी जमिनीवर नेम धरण्यासाठी बाण असतात, ते सगळे थेट विठोबाकडे रोखलेले. ते बाण काढायला कुणाचंच मन होईना. देवाकडे जायचा रस्ता दाखवायला इतकी चांगली सोय दुसऱ्या कुठल्या देवळात आहे?

भाड्याच्या बुटांचे लाकडी खणही आम्ही ठेवले. प्रत्येक खणावर बुटाचा नंबर. त्यामुळे लोक चपला काढून आपापल्या मापाचा खण शोधत बसायचे, आणि भारतातून आलेले आईवडील तिथेच उभे राहून बाटाचा सात म्हणजे इथला किती, यावर चर्चा करायचे. दर्शनाला त्यामुळे उशीर व्हायचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या सासूबाई सोलापूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या आणि खोटं न बोलणाऱ्या. हा शेवटचा गुण ऐकायला बरा वाटतो, पण त्याच्याबरोबर राहून बघा. माझ्या मैत्रिणीने नवा सोफा दाखवला तर या म्हणाल्या, “रंग शेवाळ्याचा आहे, पण बसायला बरा आहे.” मी त्यांना ‘आई’ म्हणते. आमचं छान जमतं, कारण मलाही तोंड आवरत नाही आणि मला हसूही आवरत नाही.

सासूबाईंच्या माहेरच्या गावी विठ्ठलाचं देऊळ आहे. रात्री देवाला निजवताना तिथे शेजारती होते. देवापुढे छोटा पलंग मांडायचा, केशराचं दूध दाखवायचं, शेवटची आरती म्हणायची आणि पडदा ओढायचा. परकर नेसायच्या वयापासून सासूबाई ती शेजारती म्हणायच्या, पण खांबाशी उभं राहून. गाभाऱ्यात बायकांनी जायची पद्धत नव्हती. “आवाज माझा आत जायचा, मी बाहेर,” असं त्या सहज सांगायच्या, तक्रारीचा सूर नसायचा. आमच्या कमिटीने एका शनिवारी ते ऐकलं आणि सगळ्यांच्या समोर ठरवलं की इथली पहिली शेजारती आजी करणार, गाभाऱ्यात उभं राहून.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय राहिला नाही. त्यांनी पलंगासाठी गादी शिवली, छोट्या उशा शिवल्या, मच्छरदाणी शिवली. मी म्हटलं, “आई, आत एसी आहे, डास कुठून येणार?” तर म्हणाल्या, “तुमच्या एसीचा वारा थेट अंगावर येतो, मलाच सोसत नाही.” रोज आंघोळ करताना त्या मोठ्यांदा शेजारती म्हणायच्या. माझी अकरा वर्षांची मुलगी बाथरूमच्या दारावर थापा मारायची, “आजी, हरी अप! आय हॅव स्कूल!”

आजी-नातीचं बोलणं असंच चालायचं. आजी मराठीत विचारायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघींनाही आपलं बोलणं समोरचीला कळलंय याची खात्री असायची. निम्म्या वेळा ती खरी असायची.

प्राणप्रतिष्ठेचा मुहूर्त ज्या रविवारी धरला होता, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंचं परतीचं विमान होतं. पुढे ढकलायची सोय नव्हती. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं होतं आणि ते बायको आल्याशिवाय डोळ्याला हात लावू देणार नव्हते. फोनवर ते रोज एकच सांगायचे, “मी खिचडी खाऊन राहिलोय, पण माझी काळजी करू नका.” त्यामुळे तो रविवार हुकला तर सासूबाईंची शेजारतीही हुकणार, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. आणि रविवार टिकायचा तर त्याआधी टाउनशिपकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, सीओ यायला हवा होता. सीओ म्हणजे इमारतीत माणसांना यायची जायची परवानगी. ती इन्स्पेक्टरने सगळं पाहून द्यायची.

इन्स्पेक्टर आला तेव्हा नवरा तळघरात प्लंबरशी हुज्जत घालत होता आणि मी पार्किंग लॉटमध्ये ऑफिसच्या फोनवर. आत फक्त आजी आणि नात. मी फोन ठेवून आत आले तर पायात नुसते मोजे घातलेला एक धिप्पाड गोरा माणूस दोन गाभाऱ्यांच्या मध्ये उभा, एका हातात क्लिपबोर्ड, दुसऱ्या हातात सासूबाईंनी दिलेला रव्याचा लाडू.

“दोन खोल्या का?” तो मुलीला विचारत होता.

मुलीने आजीला विचारलं. आजी म्हणाली, “एक विठ्ठलाची, एक रखुमाईची. ती रुसून वेगळी राहिलीय ना.”

“दे आर मॅरिड,” मुलगी म्हणाली, “बट शी इज मॅड ॲट हिम, सो शी हॅज हर ओन प्लेस.”

इन्स्पेक्टरने मान डोलावून लिहून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावरून नवराबायकोचा हा प्रकार त्याला नवा नसावा असं दिसलं. मला हसू फुटलं आणि मी तोंडावर हात दाबून खणांच्या मागे गेले. पाच मिनिटांनी नीट तोंड करून बाहेर आले तेव्हा देव रात्री कुठे निजतो हे आजीने त्याला सांगून झालं होतं आणि तो बूट चढवून निघाला होता. तेरा नंबरचा खण त्याला बरोबर सापडला होता.

दुसऱ्या दिवशी टाउनशिपचं उत्तर आलं. परवानगी थांबवली आहे. इमारतीत दोन व्यक्ती रात्री झोपतात, दोन स्वतंत्र खोल्यांत राहतात. सबब हे राहतं घर आहे, तेही दोन कुटुंबांचं, आणि व्यापारी भागात तसं चालत नाही. शिवाय झोपायच्या खोल्यांना खिडक्या नाहीत.

कमिटीची तातडीची मीटिंग आमच्याच बेसमेंटमध्ये झाली. सासूबाईही येऊन बसल्या. अध्यक्ष म्हणजे पुण्याचे एक काका. सबंध कॉलनीत त्यांच्याइतकं शुद्ध मराठी कुणी बोलत नसे आणि त्यांच्याइतकं सावकाशही.

“निद्रा हा एक उपचार आहे,” ते म्हणाले. “सिम्बॉलिक. आपण त्यांना स्पष्ट कळवू, देव झोपत नाही.”

“झोपतो,” सासूबाई म्हणाल्या.

“आजी, म्हणजे तसा झोपतो, पण...”

“तसा आणि असा काय? दूध पितो, झोपतो. सकाळी काकड्याला उठतो.”

नागपूरचा एक तरुण डेव्हलपर कोपऱ्यातून म्हणाला, “काका, मेडिटेट करते म्हणून सांगून टाकू ना यार. अमेरिकन लोकांना मेडिटेशन चालते.”

“अरे, आषाढीला झोपतो तो थेट कार्तिकीला उठतो,” सासूबाईंचा आवाज चढला. “चार चार महिने झोपणारा देव, आणि तुम्ही त्याची एका रात्रीची झोप नाही म्हणताय?”

“हे, हे इन्स्पेक्टरला कुणीही सांगायचं नाही,” अध्यक्ष घाईघाईने म्हणाले. त्यांना घाईने बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

एक तासभर देवाच्या झोपेवर वाद झाला. सगळे इंजिनिअर, त्यामुळे व्हाइटबोर्ड आला, त्यावर ‘झोप’ लिहून भोवती चौकोन झाला, चौकोनातून बाण निघाले. मी चहा आणण्याच्या निमित्ताने वर जाऊन हसून येत होते. शेवटी ठरलं की बुधवारी इन्स्पेक्टरला पुन्हा बोलवायचं आणि अध्यक्षांनी त्याला सिम्बॉलिझम समजावून सांगायचा. निघताना अध्यक्ष माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बुधवारी आईंना जरा आउटलेट मॉल दाखवून आणा.”

त्यांचा हळू आवाजही शुद्ध आणि स्पष्ट असल्यामुळे तो सगळ्यांना ऐकू गेला.

सासूबाई उठल्या. पाहुण्यांचे कप उचलले, विसळले. मग ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून मला म्हणाल्या, “मी काय खोटं बोलले गं? माझ्या तोंडामुळं देवाचं अडलं.” त्या रडत नव्हत्या, पण त्यांचा खणखणीत आवाज इतका बारीक झालेला मला सहन झाला नाही. मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि त्या व्हाइटबोर्डवाल्या सगळ्यांचा सणसणीत राग आला. एवढ्या हौसेने गादी शिवणाऱ्या बाईला मॉलमध्ये लपवायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी दुधातलं सीरियल खात होती. सासूबाई शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होत्या. मुलीला आदल्या रात्रीचं सगळं कळलं होतं आणि ती फणफणत होती. “इट्स नॉट आजीज फॉल्ट! त्याने मला विचारलं, इज ही ॲन ॲक्चुअल पर्सन? सो आय आस्क्ड हर. अँड शी सेड येस!”

“आजी म्हणाली, विठ्ठल माणूस आहे?” मला खरं वाटेना.

“येस! शी सेड टोटली.”

“तू नेमकं काय विचारलंस? मराठीत म्हण.”

मुलीने चमचा खाली ठेवला आणि आपल्या अमेरिकन उच्चारांत, एकेका शब्दावर पाय देत म्हणाली, “आजी, देव... माणूस... आहे?”

आणि आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. “कोण, तो परवाचा का? अगदी देवमाणूस! न सांगता बूट काढले बघ त्यानं. लाडूचा एक कण खाली पडू दिला नाही.”

मी स्वयंपाकघराच्या जमिनीवर बसले. हसताना मला उभं राहता येत नाही. मुलगी घाबरून “मम्मा? मम्मा?” करत होती, सासूबाई हातात नवऱ्याचा बनियन घेऊन धावत आल्या आणि म्हणाल्या, “काय झालं हिला?” मला बोलता येईना. शेवटी कशीबशी दोघींना समजावलं की नातीने विचारलं देव हा माणूस आहे का, आणि आजीला वाटलं ती इन्स्पेक्टरबद्दल विचारतेय, देवमाणूस आहे का. मुलीला ‘देवमाणूस’ हा शब्दच माहीत नव्हता. फार भल्या माणसाला आपण असं म्हणतो, हे तिला तेव्हा कळलं.

“अगं बाई!” सासूबाई बनियन छातीशी धरून म्हणाल्या. “म्हणजे त्या बिचाऱ्यानं माझ्या विठ्ठलाला भाडेकरू म्हणून लिहून घेतलं?” मग त्याही खाली बसल्या. पदर तोंडात कोंबून आम्ही सासू-सुना अशा हसलो की मुलीची शाळेची बस चुकली.

बुधवारी मी आजी-नातीला मॉलमध्ये नेलं नाही. थेट देवळात नेलं. अध्यक्षांचा चेहरा उतरला, पण त्यांच्या समोर लॅपटॉप उघडा होता आणि ‘सिम्बॉलिझम इन वर्शिप’ या भाषणाची तिसरी स्लाइड सुरू झालेली होती. इन्स्पेक्टर उभ्या उभ्या ती बघत होता. आम्ही आत आलो तसा त्याने लॅपटॉपकडे पाठ फिरवली. “ही लाडूवाली बाई,” तो इंग्रजीत म्हणाला, “मला हिच्याशीच बोलायचंय.”

मुलगी पुढे झाली. “आय मेड अ मिस्टेक,” तिने सांगितलं. आमच्या भाषेत देव आणि माणूस जोडून एक शब्द होतो. तो चांगल्या माणसासाठी असतो, खूप चांगल्या. “यू आस्क्ड इफ ही इज अ पर्सन, अँड शी सेड येस. बट शी वॉजन्ट टॉकिंग अबाउट हिम. शी वॉज टॉकिंग अबाउट यू.”

तो धिप्पाड माणूस कानाच्या पाळ्यांपासून मानेपर्यंत तांबडा होत गेला. “मी?” त्याने विचारलं.

“बिकॉज यू टुक युअर शूज ऑफ.”

त्याने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. आजही बूट काढलेले होते आणि डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तो त्याने पटकन आत ओढायचा प्रयत्न केला. मग क्लिपबोर्ड सरळ धरला, घसा साफ केला आणि फार अदबीने म्हणाला की कामाचा एक प्रश्न त्याला विचारावाच लागेल. रात्री इथे कुणी झोपतं का?

अध्यक्ष सासूबाईंकडे बघून डोळ्यांनी विनवत होते. या वेळी मुलीने प्रश्न नीट जुळवून घेतला. “आजी, इथे रात्री माणूस झोपतो का? नुसता माणूस. साधा.”

“साधा माणूस कशाला झोपेल इथं?” सासूबाई म्हणाल्या. “माणसं दार लावून आपापल्या घरी जातात. इथं देव तेवढा झोपतो.”

अध्यक्षांनी डोळे मिटले. माझ्या मुलीने शेवटच्या वाक्यासकट सगळं इंग्रजीत सांगितलं, एक अक्षर गाळलं नाही. मला तिचा इतका अभिमान वाटला की त्या क्षणी सीओ गेला खड्ड्यात असं मी मनात म्हणूनही टाकलं.

इन्स्पेक्टरने क्लिपबोर्डवरची पानं उलटली. “माणसांच्या झोपेसाठी माझ्याकडे नियम आहेत,” तो म्हणाला. “देवाच्या झोपेसाठी काहीच नाही.” आणि त्याने सही केली. फक्त एक अट घातली, पार्किंगचे दिवे नऊला बंद. म्हणजे पंढरपुरात काय असेल ते असो, न्यू जर्सीतल्या विठ्ठलाला शाळेतल्या मुलांसारखं साडेआठला झोपणं भाग होतं.

रविवारी प्राणप्रतिष्ठा झाली. गर्दी इतकी की सगळ्या नंबरांचे खण भरून चपलांचे ढीग पिझ्झावाल्याच्या दारापर्यंत गेले. संध्याकाळी सासूबाई हिरवी नऊवारी नेसून लेनच्या बाणांवरून चालत गेल्या आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थबकल्या. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्या आत गेल्या.

गादी अंथरली, उशा लावल्या, मच्छरदाणीसुद्धा. दूध दाखवलं. निरांजन हातात घेऊन त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज फुटेना. समोर इतक्या जवळ विठ्ठल. जन्मभर म्हटलेली शेजारती, आणि पहिला शब्द येईना. मला तिथपर्यंत धावत जावंसं वाटत होतं, पण मला ती आरती पाठ कुठे होती? कमिटीतल्या एकालाही नव्हती.

ती सुरू झाली माझ्या शेजारून. माझी मुलगी म्हणत होती. ‘ट’ला ‘ट’ म्हणता येत नव्हता, ‘ळ’चा तर पत्ताच नव्हता, पण चाल अचूक होती आणि शब्द एका पाठोपाठ एक येत होते. बाथरूमच्या बंद दाराबाहेर थापा मारत रोज सकाळी तिने ते ऐकलं होतं. दुसऱ्या ओळीला गाभाऱ्यातून सासूबाईंचा आवाज आला, आधी चिरका, मग खणखणीत. एक आवाज आत, एक बाहेर, आणि मी मध्ये उभी राहून हसत होते की रडत होते हे मलाच कळत नव्हतं.

पडदा ओढून सासूबाई बाहेर आल्या. लोक टाळ्या वाजवणार इतक्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू. निजलाय.”

आणि सगळा जमाव खरोखरच चवड्यांवर चालू लागला. मोठमोठ्या हुद्द्यांवरची माणसं चपला हातात घेऊन बाहेर पडली. पार्किंगमध्ये कुणी गाडीचं दार आपटलं नाही. अध्यक्षांचा फोन वाजला तर ते त्याच्यावर दोन्ही हात दाबून पिझ्झावाल्याच्या दुकानामागे पळाले आणि तिथून त्यांचं कुजबुजणं ऐकू आलं, “नंतर कर, नंतर. देव झोपलेत.”

घरी जाताना गाडीत मला बोलल्याशिवाय राहवेना. “काय आवाज लागला गं तुमचा, दोघींचा! उद्या विमानात बसायच्या आधी परत एकदा...”

“श्श, मम्मा,” मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली. सासूबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि आपलं जॅकेट तिने त्यांच्या अंगावर घातलं होतं. “हळू. आजी निजलीय.”